माहितीपट आणि आकाशवाणी : मालवण किनाऱ्याच्या संदर्भात एक विचार

दूरचित्रवाणीवरील माहितीपट आणि आकाशवाणी यांची तुलना करताना चित्र अधिक प्रभावी की ध्वनी, असा प्रश्न सहसा उपस्थित केला जातो. मालवण किनाऱ्यापुरता तरी तो अपुरा आहे. माहिती कोणाला, कोठे व केव्हा मिळते, हा निकष येथे अधिक महत्त्वाचा ठरतो.

नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ चक्रीवादळात समुद्रावर गेलेल्या कोकणातील मच्छीमारांचे बळी गेले. वादळ कसे निर्माण होते, हे माहितीपट उत्तम समजावतो. परंतु होडीवरील माणसाला बंदर गाठण्यास किती अवधी उरला आहे, एवढेच हवे असते. मध्यम लहरी खाऱ्या पाण्यावरून जमिनीपेक्षा दूरवर पोहोचतात. त्यामुळे किनाऱ्यावरील केंद्राचा आवाज साध्या ट्रान्झिस्टरवर समुद्रातही मिळू शकतो. (एफ.एम.चा पल्ला तुलनेने तोकडा.) मात्र ‘दक्षिण महाराष्ट्र–गोवा किनारा’ अशा सरसकट इशाऱ्यात आचरा, देवबाग, वेंगुर्ला सारेच एक होऊन जाते, ही त्याची उणीव मान्य करावी लागते.

शिवाय केवळ श्रवण पुरेसे नाही. १९५६ मध्ये पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. कार्यक्रम ऐकून त्यावर एकत्र चर्चा करणाऱ्या गावांतील माहितीत लक्षणीय भर पडल्याचे, तर नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती अल्प असल्याचे पॉल न्यूरथ यांच्या अभ्यासातून दिसून आले.

माहितीपटाचे सामर्थ्य वेगळे आहे. अनेकांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायची रापण आणि थव्याला वेढून तळाशी आवळले जाणारे पर्ससीन जाळे, यांतील भेद घाटावरच्या विद्यार्थ्याला शब्दांनी उमगत नाही. दृश्याने क्षणात उमगतो. तथापि १९८७ मध्ये घोषित झालेल्या २९.१२ चौ. कि.मी.च्या मालवण सागरी अभयारण्याला स्थानिक मच्छीमारांनी विरोध का केला, हे केवळ प्रवाळांच्या चित्रीकरणातून कळत नाही. त्यासाठी त्यांना बोलू द्यावे लागते, आणि पर्यटनाभिमुख माहितीपटात निवेदकच सर्वांच्या वतीने बोलतो. त्याच्या विधानांना बहुधा ना आधार दिलेला असतो, ना तारीख. राज्यात पर्ससीन मासेमारीवर २०१६ मध्ये निर्बंध आले. त्यापूर्वीचे चित्रीकरण पुनःप्रसारित झाले, तर ते आजचेच वाटेल. हवामानाचा इशारा निदान स्वतःची मुदत सांगतो.