शिक्का, मूठ आणि पातं : जपानी लष्करी तलवारींच्या पारखीबद्दल

मित्रहो, विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी आम्हांला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचा तलवारींशी काय संबंध? संबंध आहे. आम्ही तलवारी जमवत नाही, विकत तर नाहीच नाही. पण एखादी वस्तू हातात घेऊन 'ही अमुक आहे' असं म्हणताना माणूस नेमकं काय करतो, हा आमच्या शास्त्राचा जुनाच प्रश्न आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी लष्करी तलवारींचे संग्राहक आणि व्यापारी हे काम रोज करतात, पैसे लावून करतात. त्यांच्या पारखीची थोडी परीक्षा आज करायची आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. 1876 साली जपानी सरकारने सामुराईंना कमरेला तलवार लावायला बंदी केली. नव्या सैन्याने युरोपीय घाटाच्या तलवारी घेतल्या : बोटांवरून वळणारी पितळी कमान, चकचकीत लोखंडी म्यान. पुढे 1934 मध्ये लष्कराने अधिकाऱ्यांसाठी नवा नमुना काढला, त्याचं नाव शिन-गुंतो, म्हणजे नवी लष्करी तलवार. नवी कसली? मध्ययुगातल्या ताची नावाच्या तलवारीसारखी दिसावी अशी मुद्दाम घडवलेली. मुठीवर पाकटाची कातडी, तिच्यावर रेशमी फितीची वीण, साकुराच्या फुलांची नक्षी. राष्ट्रवाद चढत चालला होता आणि त्याला जुना पोशाख हवा होता. ही गोष्ट ध्यानात ठेवा; या तलवारीत जुनेपणाचा आव पहिल्यापासूनच आहे.

अधिकारी आपली तलवार स्वतः विकत घेई. ती त्याच्या मालकीची. त्यामुळे घरात आजोबा-पणजोबांचं पातं असेल तर ते लष्करी मुठीत आणि म्यानात बसवून घ्यायला आडकाठी नव्हती. नसेल त्याने कारखान्यातलं घ्यावं. हवालदार वगैरे कनिष्ठ हुद्द्यांना 1935 पासून सरकारी तलवार मिळे : यंत्रावर काढलेलं पातं, ओतीव धातूची मूठ, तिच्यावर विणीचा नुसता साचा उठवून रंग दिलेला, पात्यावर नंबर आणि म्यानावर तोच नंबर. तेव्हा बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन अधिकाऱ्यांच्या तलवारींपैकी एकीत चारशे वर्षांचं पातं असू शकतं, आणि दुसरीत 1942 मधलं, तेलात विझवलेलं. सगळा व्यापार या शक्यतेवर उभा आहे.

मग पारख कशी करतात? मूठ काढतात. मुठीतून आरपार बांबूची एक खुंटी असते, ती अलगद ठोकून बाहेर काढली की मूठ सुटते आणि पात्याची शेपटी दिसते. जपानीत तिला नाकागो म्हणतात. खरी माहिती इथे असते. कारागिराची सही, कधी तारीख, कानशीचे ओरखडे, आणि गंज. या गंजाला हात लावायचा नाही, कारण त्याचा रंग आणि पोत हाच वयाचा पुरावा. हौसेने ब्रश घेऊन नाकागो लख्ख करणारा माणूस कागदपत्रावरची शाई पुसत असतो. शेपटीवर कधी पांढऱ्या किंवा लाल रंगातले आकडेही सापडतात, ते जुळणी करणाऱ्या कामगारांचे. आणि मग शिक्के. गिफु प्रांतातलं सेकी हे गाव, तलवारींचं जुनं पीठ. युद्धकाळात तिथे घाऊक उत्पादन झालं. सेकीच्या तपासणीचा शिक्का किंवा 'शोवा' हा शिक्का दिसला, की ते पातं पारंपरिक रीतीचं नसणार असं संग्राहक धरून चालतो. उलट ताऱ्याचा शिक्का दिसला की खूश होतो, कारण तो लष्कराने नेमलेल्या परंपरागत लोहारांच्या कामावर असे. या लोहारांना तामाहागाने, म्हणजे लोखंडी रेतीपासून गाळलेलं पोलाद, आणि पाइनचा कोळसा लष्कराकडून मिळे.

इथवर आमची काही तक्रार नाही. ही विद्या चांगली आहे, डोळस आहे, आणि विद्यापीठांच्या बाहेर वाढली म्हणून कमी नाही. तक्रार पुढच्या पावलाबद्दल आहे.

आपल्या नैयायिकांचं उदाहरण तुम्हांला माहीत आहे : डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. पण धूर दिसत नाही, म्हणून अग्नी नाही, असं म्हणता येत नाही. त्यासाठी ते दृष्टान्त देतात तापलेल्या लोखंडी गोळ्याचा. आग आहे, धूर नाही. आमच्या विषयाला याहून जवळचा दृष्टान्त कुठून आणावा! विक्रेता लिहितो, 'पात्यावर शिक्का नाही', आणि घेणाऱ्याने मनातल्या मनात म्हणायचं, 'म्हणजे पारंपरिक'. बिनशिक्क्याची, तेलात विझवलेली पाती भरपूर आहेत. ते सगळे लोखंडी गोळे. विक्रेता खोटं एक अक्षर बोललेला नसतो. अनुमान तुमचं, पैसेही तुमचे.

सहीचंही तसंच. जपानी तलवारींच्या जगात खोटी सही हा इतका जुना प्रकार आहे की त्याला स्वतंत्र शब्द आहे, गिमेई. नामांकित लोहाराची सही असलेलं पातं, तज्ज्ञाने खरं ठरवेपर्यंत, संशयितच. सही म्हणजे ओळख नव्हे, ओळखीचा दावा. 'तोच हा देवदत्त' असं म्हणायला देवदत्त आधी पाहिलेला लागतो, नुसत्या नावाची पाटी वाचून चालत नाही.

आता दोन पुस्तकं. 1958 मध्ये जॉन युमोतो यांचं सामुराई तलवारीवरचं इंग्रजी हस्तपुस्तक आलं. पाश्चात्त्य संग्राहकांच्या एका पिढीने त्यावर अक्षरं गिरवली. ते पुस्तक पात्याकडे बघायला शिकवतं : पोलादाची वीण, धारेवरची लहर, पिढ्या आणि घराणी. 1986 मध्ये रिचर्ड फुलर आणि रॉन ग्रेगरी यांचं 1868 ते 1945 या काळातल्या लष्करी तलवारींवरचं पुस्तक आलं. त्यांची नजर नमुन्यांवर : कोणत्या सालचा, कोणत्या दलाचा, गोंडा कोणत्या रंगाचा. निळा-तपकिरी गोंडा कनिष्ठ अधिकाऱ्याचा, लाल-तपकिरी मेजर आणि त्यावरच्यांचा, सोनेरी छटा आली की सेनापती. एकाला पातं म्हणजे तलवार, मूठ-म्यान म्हणजे कपडे. दुसऱ्याला मूठ-म्यान म्हणजेच तलवारीचं सैनिकपण.

आमच्या मते दुसरं पुस्तक या विषयाशी अधिक प्रामाणिक आहे, जरी बाजारात पहिल्याची दृष्टी जिंकली असली तरी. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. 2025 साली महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार घेतली. ती फिरंग आहे. पातं युरोपीय बनावटीचं, मूठ मराठा धाटणीची, आणि पात्यावर सोन्यात देवनागरी अक्षरं. नुसत्या पात्याला तलवार मानणाऱ्याने तिला युरोपची तलवार म्हणायला हवं. आपल्यापैकी कुणी म्हणेल का?

तर जपानी पारखीत पात्याला हे सर्वस्व कसं मिळालं? याचं एक उत्तर सौंदर्यशास्त्रात आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण दुसरं उत्तर 1945 मध्ये आहे आणि ते फारसं सांगितलं जात नाही. पराभवानंतर अमेरिकी ताबेदारांनी हुकूम काढला : शस्त्रं जमा करा. तलवारीही शस्त्रंच. घराघरांतून, देवळांतून ढीग निघाले. किती वितळल्या, किती समुद्रात गेल्या, किती सैनिकांच्या पेट्यांतून अमेरिकेला गेल्या. तोकुगावा घराण्याची होंजो मासामुने, 1939 मध्ये राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदलेली, डिसेंबर 1945 मध्ये तोक्योतल्या एका पोलीसचौकीत जमा झाली आणि तिथून पुढे तिचा पत्ता नाही. अशा वेळी जपानी जाणकारांनी युक्तिवाद केला, की ही शस्त्रं नाहीत, कलावस्तू आहेत. तो मान्य झाला. तोक्योच्या आकाबाने इथल्या लष्करी आगारात गोळा झालेल्या ढिगांतून पाच हजारांहून अधिक तलवारी कलावस्तू म्हणून निवडून बाजूला काढल्या गेल्या. 1948 मध्ये कलात्मक तलवारींच्या जतनासाठी संस्था निघाली. आणि 1958 च्या कायद्यात हीच रेघ पक्की झाली : पारंपरिक रीतीने घडवलेल्या, कलेच्या किंवा पुरातन मूल्याच्या तलवारीची नोंदणी होते, कारखान्यातल्या युद्धकालीन पात्याची होत नाही, आणि ते बाळगताही येत नाही. आजही जपानात कुणाच्या माळ्यावर असं पातं सापडलं तर त्याची वाट भंगाराकडे. तेच पातं अमेरिकेत हजार-हजार डॉलरला जातं.

मागच्या बाकांपर्यंत ऐकू येतंय ना? कारण आमचा मुद्दा इथे आहे. 'कला की शस्त्र' ही रेघ मुळात वकिली होती. आणीबाणीची, शहाणी, उपकारक वकिली. तिच्यामुळे शेकडो वर्षांचं काम वाचलं, त्याबद्दल कृतज्ञच राहायला हवं. पण जे वाचवायचं ते कला म्हणून वाचवायचं, तर उरलेल्याला निव्वळ शस्त्र म्हणून सोडून द्यावं लागलं. बचावाचं ते वाक्य आता वस्तूची व्याख्या होऊन बसलं आहे. जगभरचा संग्राहक ती व्याख्या घोकतो, आणि त्याला वाटतं आपण पोलादाबद्दल काहीतरी शोधून काढलं.

आणि व्याख्या सगळीकडे बसत नाही, तिथे काय होतं तेही पाहा. दक्षिण मांचुरिया रेल्वे कंपनीने दाइरेन इथे आधुनिक पोलादाची पाती काढली. थंडीत तडकू नयेत म्हणून बनवण्याची रीतच वेगळी, तामाहागाने नाही, घडीवर घडी नाही. नियमाप्रमाणे ती कवडीमोल ठरायला हवीत. तर संग्राहक त्यांच्यामागे धावतात! उलट टोकाला यासुकुनी देवस्थानाच्या आवारातली कर्मशाळा. 1933 ते 1945 या काळात तिथे सुमारे आठ हजार तलवारी निघाल्या, अस्सल तामाहागाने, अस्सल रीत, आणि घडवल्या त्या लष्करासाठीच. ही कला की शस्त्र? रीत पारंपरिक म्हणून कायद्याने ती कलेकडे. पण चीनमध्ये गेली ती कुणाच्या कमरेला?

नोव्हेंबर-डिसेंबर 1937 मध्ये तोक्यो निचिनिची या दैनिकात नानजिंगच्या वाटेवरच्या दोन लेफ्टनंटांच्या बातम्या आल्या. मुकाई आणि नोदा. शंभर माणसं तलवारीने आधी कोण कापतो याची शर्यत. बातमीत मुकाईच्या पात्याच्या लोहाराचंही नाव दिलं होतं, सेकीचा मागोरोकु. सोळाव्या शतकातलं मोठं नाव, गाव तेच सेकी. शर्यत बातमीत दिली तशीच झाली का, यावर वाद आहेत. पण दोघांना जानेवारी 1948 मध्ये नानजिंगला गोळ्या घातल्या गेल्या, आणि पुढे त्यांच्या वारसांनी वृत्तपत्रांवर लावलेला बदनामीचा दावा तोक्योच्या न्यायालयाने 2005 मध्ये फेटाळला. आम्हांला त्या बातमीतलं एवढंच बोचतं, की लोहार कोण हा जाणकाराचा प्रश्न आणि माणसं किती हा आकडा शेजारी शेजारी बसले होते आणि वार्ताहराला त्यात विसंगत काही वाटलं नाही. आजच्या विक्रीच्या वर्णनांत आकडा नसतो. 'धारेला दोन कपचे, पॉलिश केल्यास निघतील' एवढं असतं.

निघतील, खरंच. आणि तेवढ्यावर थांबत नाहीत. लष्करी मुठीत जुनं चांगलं पातं निघालं, की ते उपसून साध्या लाकडी म्यानात घालायचं, सामुराईची तलवार म्हणून विकायचं; मूठ, चकती, गोंडा, म्यान वेगळे विकायचे. बेरीज जास्त येते. चोरबाजारात मोटारीचे करतात तसंच. त्या पात्याची 1938 ते 1945 ही सात वर्षं मग कुठेच राहत नाहीत.

सर्वांत वाईट गत चिठ्ठ्यांची. 1945 मध्ये तलवारी खाली ठेवताना पुष्कळ अधिकाऱ्यांनी मुठीला कापडाची किंवा लाकडाची पट्टी बांधली होती, तिच्यावर नाव, हुद्दा, गाव. परत मिळेल अशी आशा. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मॅकार्थरने तलवारी घेण्याचा जुनाट सोहळा नको म्हटलं असताना जनरल स्लिमने तो मुद्दाम करवला, आणि किमुराची तलवार स्वतःच्या घरी ठेवली. स्लिमच्या सैन्यात मराठा पलटणीही होत्या. स्लिमला जे हवं होतं ते अगदी स्पष्ट होतं : हरलेल्याने हरल्याचं सर्वांसमोर दिसावं. क्रूर म्हणा हवं तर, पण त्या सोहळ्यात तलवार कुणाची आणि ती का खाली ठेवली जातेय, हे ठाऊक होतं. पट्टी तोडून तिचा वेगळा लिलाव करणाऱ्याला ते ठाऊक असण्याची गरज वाटत नाही.

वेगळं वागलेली माणसंही आहेत. वॉल्टर कॉम्प्टन या अमेरिकी संग्राहकाच्या हाती आलेलं एक पातं कागोशिमाच्या तेरुकुनी देवस्थानातून युद्धानंतर गहाळ झालेलं कुनिमुनेचं निघालं. 1963 मध्ये त्यांनी ते परत केलं, मोबदला न घेता. ते जमलं, कारण पातं राष्ट्रीय ठेवा होतं आणि त्याची नोंद होती. हवालदाराच्या नंबरी तलवारीची अशी वाट कोण पाहील? तरी आम्हांला विचाराल तर सगळ्या ढिगात तीच सरळ वस्तू. जुनेपणाचा आव तिच्याही मुठीवर आहे, पण तो साच्यातून काढलेला आहे हे ती लपवत नाही. गंमत अशी, की आता तिच्याही नकला निघतात, खोट्या नंबरांसकट.

तेव्हा संग्राहक मंडळींकडे मागणं अगदी साधं आहे. मूठ काढा, नाकागो पाहा, शिक्क्याचा फोटो घ्या, तुमची विद्या वापरा. मग सगळं होतं तसं परत बसवा. कपचे घासू नका. पट्टी असेल तर ती तलवारीलाच राहू द्या, आणि विकताना वर्णनात पहिल्या ओळीत तिचा मजकूर लिहा. लोहाराचं नाव दुसऱ्या ओळीत चालेल. आता तुमचे प्रश्न घेऊ.