नटाचा चेहरा आणि शिल्पकाराचें माप

चित्रपटांतील एखाद्या नटाचा पुतळा पाहावयास जाणारा मनुष्य शिल्पाचा रसिक म्हणून जात नाहीं; तो एका परिचिताच्या भेटीस जातो. म्हणूनच पुतळ्यासमोर उभा राहतांच त्याच्या तोंडून जो पहिला उद्गार निघतो, तो “अगदीं हुबेहूब!” असा असतो, किंवा “छे, हा तो नव्हेच!” असा. पुष्कळ सुशिक्षित टीकाकार या उद्गारास हसतात. साम्य हा कलेचा हलका गुण होय, असें त्यांचें म्हणणें. आम्हांस हें मत मान्य नाहीं. सामान्य प्रेक्षकाची मागणी रास्त आहे. चूक होते ती साम्य कोठें वसतें हें ठरवितांना.

हुबेहूबपणाचा ध्यास ज्या कलेनें शेवटास नेला ती मेणाच्या पुतळ्यांची कला. १७६१ मध्यें स्ट्रासबर्ग येथें जन्मलेल्या मादाम तुसाँ हिनें कुर्टियस नांवाच्या वैद्यापाशीं ही विद्या संपादिली, आणि १८३५ मध्यें लंडनच्या बेकर स्ट्रीटवर आपलें प्रदर्शन कायमचें मांडलें. त्याच संस्थेनें २००० मध्यें अमिताभ बच्चन यांचा पुतळा लंडनमध्यें उभा केला. हिंदी चित्रपटसृष्टींतील नटास तेथें मिळालेलें तें पहिलें स्थान. अशा पुतळ्यासाठीं देहाचीं शेंकडों मापें घेतात, सर्व बाजूंनीं छायाचित्रें काढतात, मातीची आकृति घडवून तिचा साचा घेतात, त्यांत मेण ओततात आणि डोक्यावर एकेक केस रोवतात. मेण निवतांना किंचित् आक्रसतें, म्हणून मूळ आकृति तेवढी मोठी करावयाची, येथवर हिशेब असतो. इतकें करूनही पहिलें कौतुक ओसरल्यावर मन खट्टू होतें. नाक तेंच, हनुवटी तीच. परंतु तो मनुष्य कोठें आहे?

आमच्या मतें याचें कारण असें. ज्या नटास आपण ओळखतों, त्याची ओळख आपणांस त्याच्या हालचालींतून झालेली असते. मान वळविण्यापूर्वीं तो किती थांबतो, ओठांआधीं त्याचे डोळे हसतात काय, चालतांना खांदा कोणत्या बाजूस झुकतो, या गोष्टी आपल्या स्मरणांत असतात; त्याच्या कपाळाची रुंदी नसते. ही ओळख कालाच्या ओघांत घडते, आणि पुतळा तर कालाबाहेर उभा. म्हणून मोजण्याआधीं शिल्पकारास निवडावें लागतें.

चार्ली चॅप्लिनचें उदाहरण पाहावें. १९१४ मध्यें, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, त्यानें खोटी मिशी, गोल टोपी, ढगळ विजार, मोठे जोडे आणि काठी घेऊन तो भटक्या निर्माण केला. जॉन डबलडे या शिल्पकाराचे चॅप्लिनचे पुतळे १९८१ मध्यें लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्यें आणि १९८२ मध्यें स्वित्झर्लंडमधील व्हवे येथें उभारले गेले, ते या भटक्याचेच. मिशी काढलेल्या निळ्या डोळ्यांच्या सद्गृहस्थाचा कितीही बिनचूक पुतळा केला असता, तरी रस्त्यानें जाणाऱ्यानें तो ओळखला असता काय? येथें निम्में शिल्प नटानें स्वतःच घडवून ठेविलें होतें, आणि शिल्पकारानें तें विनयानें स्वीकारलें.

याच्या उलट अनुभव अमेरिकन विनोदी नटी ल्यूसिल बॉल हिच्या वांट्यास आला. तिचें बालपण जेथें गेलें त्या न्यूयॉर्क राज्यांतील सेलोरॉन गांवीं २००९ मध्यें तिचा ब्राँझचा पुतळा बसविण्यांत आला. १९५२ मधील दूरचित्रवाणीच्या एका लोकप्रिय प्रसंगांत ती टॉनिकची बाटली नि चमचा घेऊन जाहिरात करते, तो प्रसंग शिल्पकारानें निवडला. पण पुतळ्याचें विचकलेलें तोंड पाहून लोक दचकले. “भयप्रद ल्यूसी” असें नांव पडलें. २०१५ मध्यें ओरड जगभर पोंचली आणि शिल्पकारानें स्वतः दिलगिरी व्यक्त केली. तिच्या जन्मदिनीं, ६ ऑगस्ट २०१६ रोजीं, कॅरोलिन पामर हिनें घडविलेला नवा पुतळा तेथें आला.

हा दोष केवळ हातोटीचा नव्हता. मूळ प्रसंगांत औषधाची किळस आणि ती झांकूं पाहणारें हास्य यांची चाललेली झटापट हेंच विनोदाचें मर्म आहे. ती झटापट थांबविली कीं मागें उरतें तें वेडेंवांकडें तोंड. लेसिंग यानें १७६६ मध्येंच ‘लाओकून’ ग्रंथांत इशारा दिला होता कीं कलावंतानें भावनेचें टोंक निवडूं नये. चित्रांतलें हास्य पुन्हां पुन्हां पाहिलें असतां दांत विचकणें होऊन बसतें.

यावर कोणी रोदँच्या बाल्झाकचा दाखला देईल. ज्या साहित्यसंस्थेनें १८९१ मध्यें तो पुतळा सांगितला तिनेंच १८९८ मध्यें तो नाकारला, आणि १९३९ मध्यें तोच ब्राँझमध्यें पॅरिस शहरीं सन्मानानें उभा राहिला. लोकांच्या उद्गारास किंमत देऊं नये हें शिकविण्यासाठीं आम्हीही वर्गांत अनेक वर्षें हा दाखला दिला. आज तो आम्हांस अपुरा वाटतो. रोदँनें बाल्झाकच्या शिंप्याला शोधून काढून त्याच्या मापाचे कपडे शिवून घेतले होते. नंतर ते सर्व एका झग्याखालीं झांकून टाकिलें. त्यानें साम्य टाळलें नाहीं. मापें जाणून घेऊन त्यांतलें काय सोडावयाचें हें ठरविलें. सेलोरॉनच्या ग्रामस्थांपुढें हें उदाहरण फेंकणें अन्यायाचें होय. आपलें माणूस हरवलें असें त्यांना वाटलें, आणि तें खरेंच हरवलें होतें.

चित्रपट आणि शिल्प यांचा संबंध आपल्यास परका नाहीं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनीं चित्रकला, शिल्प आणि चित्रपट हीं तिन्हीं एकाच हातानें साधलीं. म्हणून आमची एवढीच सूचना आहे. यापुढें आपल्या गांवांत एखाद्या नटाचा पुतळा उभारावयाचा ठरेल, तेव्हां समितीनें शिल्पकाराच्या हातीं एक छायाचित्र ठेवून स्वस्थ बसूं नये. त्यास अंधारांत बसवून त्या नटाचे चित्रपट दाखवावे, आणि मातीस हात लावण्यापूर्वीं विचारावें कीं, यांतला कोणता क्षण थांबविला तरी थांबल्यासारखा वाटणार नाहीं?