दशावतार आणि उत्क्रांतिवाद : एका समन्वयाची चिकित्सा

प्रस्तावना :
चार्ल्स डार्विन यांचा प्रजातींच्या उगमाविषयीचा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. त्याला धर्मपरंपरांनी दिलेल्या प्रतिसादांचा विचार करताना १८६० मधील ऑक्सफर्डचा वाद आणि अमेरिकेतील १९२५ चा स्कोप्स खटला यांचाच उल्लेख प्रामुख्याने होतो. त्यातून ख्रिस्ती धर्म विरोधक आणि हिंदू परंपरा स्वागतशील, असे समीकरण आपल्याकडे रूढ झाले. वस्तुतः १८८४ साली उत्क्रांतीचा स्वीकार करणारी व्याख्याने देणारे फ्रेडरिक टेंपल हे पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले. समीकरणाची एक बाजू अशी लंगडी आहे. दुसरी बाजू, म्हणजे ‘दशावतारात उत्क्रांतीच सांगितली आहे’ हे विधान, तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विधानाचा उगम :
हे विधान प्राचीन नाही. थिऑसॉफीच्या प्रवर्तक मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी १८७७ च्या आपल्या ग्रंथात अवतारक्रम आणि उत्क्रांती यांची सांगड घातली. केशवचंद्र सेन यांनी १८८२ साली कलकत्त्यात दिलेल्या व्याख्यानात तोच विचार मांडला. आणि ते व्याख्यान होते ख्रिस्ती त्रैक्यावर! पारतंत्र्यातील सुशिक्षितांना स्वपरंपरेची प्रतिष्ठा आधुनिक ज्ञानाच्या भाषेत सांगण्याची निकड होती. ती समजून घेतली पाहिजे. परंतु समजून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे.

संहितेची व जीवशास्त्राची साक्ष :
भागवतपुराणाच्या प्रथम स्कंधातील अवतारांच्या यादीत वराह दुसरा आहे, तर मत्स्य दहावा आणि कूर्म अकरावा आहे. म्हणजे जलचर ते मानव हा क्रम सर्वत्र एकसारखा नाही. जीवशास्त्रदृष्ट्या कासव उभयचर नसून सरीसृप वर्गातील प्राणी आहे. मूळ भेद मात्र याहून खोल आहे. अवतार हा ईश्वराचा सहेतुक प्रवेश होय; नैसर्गिक निवडीला पूर्वनियोजित हेतू नसतो. एकात संकल्प आहे, तर दुसऱ्यात वंशपरंपरेने येणारे भेद आणि त्यांतील काहींचे टिकून राहणे.

स्वामी विवेकानंदांना हा भेद जाणवला होता, असे दिसते. १८९६ च्या ‘राजयोग’ या ग्रंथात त्यांनी पतंजलीच्या आधारे उत्क्रांती स्वीकारली. मात्र स्पर्धा हे प्रगतीचे कारण मानण्यास स्पष्ट नकार दिला. हा मतभेद उघड असल्यामुळे त्याच्याशी वाद घालता येतो. दशावताराच्या समन्वयात मतभेदच नाहीसा होतो.

निष्कर्ष :
२०१८ साली औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला, तेव्हा देशातील तीन विज्ञान अकादम्यांना संयुक्त निवेदन काढावे लागले. ‘आमचा उत्क्रांतीला विरोध नाही’ हा आपला समज त्या वेळी पुरेसा ठरला नाही. ज्या विद्यार्थ्याला दशावताराचे उदाहरण देऊन उत्क्रांती ‘समजावली’ जाते, त्याला नैसर्गिक निवड कळलेलीच नसते. त्यामुळे तिच्यावर आक्षेप आला की त्याच्याजवळ उत्तर नसते. पुराणकथेचेही यात नुकसानच होते, कारण तिचा स्वतंत्र अर्थ बाजूला पडून ती विज्ञानाची कच्ची प्रत ठरते. दोन्ही विषय वर्गात शिकवावेत. मात्र प्रत्येक त्याच्या स्वतःच्या प्रमाणांनी, एवढेच येथे सुचवावेसे वाटते.