ओवी आणि खांदा

आमच्या सीमाभागात थंडी पडली की गावोगावी साहित्य संमेलनं भरू लागतात. अशाच एका संमेलनात एक वक्ते जात्यावरच्या ओव्यांवर फार गोड बोलले. 'गिरण आली आणि ओवी मेली,' म्हणून त्यांनी उसासा टाकला. मंडप हळहळला. माझ्या शेजारी बसलेल्या थोरल्या जाऊबाई मात्र हळूच म्हणाल्या, "बरं झालं की गं. खांदे तरी वाचले."

तेव्हा मला हसू आलं. पण घरी येऊन जोंधळे निवडायला बसले आणि वाटलं, तासाभराच्या त्या भाषणात जे आलं नाही ते जाऊबाईंच्या एका वाक्यात आलं. आमच्या जैन घरात निवडण्याचं काम जरा जास्तच. धान्यात किडामुंगी राहता कामा नये, पाणी गाळून घ्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. नियम सांगायला दोन ओळी पुरतात. पाळायला रोज कुणीतरी वाकावं लागतं.

ओवी ही अशा वाकण्यातून आलेली आहे. जात्याच्या फेऱ्याला धरून ओळ चालते, दम लागतो तिथं थांबते. पहिली ओवी, दुसरी ओवी अशी मोजदाद कितीतरी ओव्यांत असते. अभ्यासक तिला रचनेची पद्धत म्हणतात. म्हणोत. मला मात्र त्यात दळणारणीचा हिशेबही ऐकू येतो: एवढं झालं, एवढं राहिलं.

साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या जमवल्या. पुढं हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन खेडोपाडी फिरून लाखाहून अधिक गोळा केल्या. हे मोठे उपकार आहेत. पण आपण त्यांवर लेख लिहायला बसलो की माहेर, भाऊराया, सीता, पंढरी अशी विषयवार मांडणी करतो, आणि ज्या दळणापायी हे सगळं सुचलं ते प्रस्तावनेतल्या एका वाक्यात संपवतो. बहिणाबाईंचंही तेच झालं. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. गाणी पुस्तकरूपानं आली ती १९५२ साली, त्या गेल्यानंतर. तेव्हापासून आपण त्यांच्यातलं तत्त्वज्ञान सांगत आलो. ते आहेच. पण ते चुलीपाशी, शेतात, हात चालू असताना सुचलेलं आहे. चटका वगळला तर उरतो तो भिंतीवर लावायचा सुविचार.

आपल्या लघुनिबंधातही बारीकसारीक गोष्टींचं कौतुक पुष्कळ. फडके, खांडेकर, काणेकर यांनी साध्या विषयावर खेळकर लिहिण्याची वाट घालून दिली. मी ते आवडीनं वाचलं आहे. पण त्या वाटेनं पुढं आलेल्या कितीतरी लेखांत घरकाम ही एक गंमत असते. बायको माहेरी गेली, दूध उतू गेलं, लेख झाला. लिहिणाऱ्याला ठाऊक असतं की आठवड्यानं बायको परत येणार आहे.

याउलट लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' बघा. वडिलांच्या सोवळ्यापायी घरात येईल ती वस्तू धुऊन घ्यायची, आणि त्या धुण्याचा जाच घरच्यांना. लक्ष्मीबाई हे हसत सांगतात, आपणही हसतो. पण उद्या परत हेच करायचं आहे, हे त्या हसण्याआड लपत नाही. घरकामावरचं लेखन जोखायची माझी कसोटी एवढीच: लिहिणाऱ्याला 'उद्या परत' ठाऊक आहे का?

ही कसोटी लावायची तर आधी मलाच लागते. पूर्वी मी उन्हाळी वाळवणांवर एक लेख लिहिला होता. पापडांवरचं ऊन, पोरांनी पळवलेल्या लाट्या, सगळं होतं. वाचकांची छान पत्रं आली. लाटणं मात्र जाऊबाईंच्या हातात होतं आणि कंबरही त्यांचीच धरली होती. लेखात त्या 'घरातली लगबग' म्हणून आल्या. तो लेख खोटा नव्हता. पण मी तो सावलीत बसून लिहिला होता.

म्हणून गिरणीला दोष देणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहवत नाही. ओवी गेली याचं वाईट वाटतंच. पण तिच्यासाठी रडताना खांदा वाचल्याचा आनंद ज्याला होत नाही, त्यानं ओवी नीट ऐकलेली नाही.

परवा जाऊबाईंना विचारलं, "ओव्या आठवतात का हो?"

"आठवतात की. पण नुसतं बसून येत नाहीत. हात चालायला पाहिजे."

त्यांनी सूप पुढं ओढलं. मी वही आणायला उठले, तर म्हणाल्या, "वही राहू दे. निम्मे जोंधळे तू घे."