भूमीचे पाठसंपादन

संपादक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पोथी येते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत पुन्हा कोणी आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. पुढे १९०९ साली राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक निराळी प्रत छापली, तेव्हा मूळ कोणते आणि दुरुस्ती कोणती हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. डोंगर, दरी आणि खाडी यांच्या बाबतीतही हा प्रश्न विचारावा लागेल असे आम्हांस कधी वाटले नव्हते. परंतु गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या एका स्नेह्यांच्या घरी, संगणकाच्या पडद्यासमोर कित्येक संध्याकाळी बसून, भूप्रदेश घडवणारी आणि दुरुस्त करणारी साधने आम्ही पाहिली, तेव्हा तोच प्रश्न आमच्यापुढे उभा ठाकला आणि अद्याप तो हटलेला नाही.

या साधनांचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. एखाद्या प्रदेशाचे राखाडी छटांतील चित्र कल्पावे. त्यातील प्रत्येक ठिपका जमिनीच्या एका चौकोनी तुकड्याची उंची सांगतो. ठिपका जितका उजळ तितकी जमीन उंच. हा झाला उंचीचा नकाशा. टेराजेन, वर्ल्ड मशीन, गाया इत्यादी सॉफ्टवेअरे या नकाशावर काम करतात. ब्रश फिरवला की टेकडी वर येते, उलटा फिरवला की दरी पडते. ‘झीज’ नावाची क्रिया लावली की युगानुयुगांचा पाऊस काही क्षणांत पडून जातो आणि डोंगराच्या अंगावर ओढ्यांच्या रेघा उमटतात.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही. १९८० साली लॉरेन कारपेंटर यांनी ‘व्हॉल लिब्र’ हा जेमतेम दोन मिनिटांचा चित्रपट केला; त्यातील सारे पर्वत गणिताने निर्माण केलेले होते. १९८२ साली मॅन्डेलब्रॉ यांचा निसर्गाच्या भूमितीवरील ग्रंथ आला आणि खडबडीतपणाचेही सूत्र असते हे सर्वांस पटले. तथापि त्या आरंभीच्या पर्वतांत एक उणीव होती. त्यांना नद्या नव्हत्या. शिखर उलटे केले तर तीच दरी व्हावी, असे ते पर्वत होते. खऱ्या भूमीत दरी पाण्याने कोरलेली असते आणि शिखर उरलेले असते. १९८९ साली मसग्रेव्ह, कोल्ब आणि मेस या तिघांनी पाण्याची झीज आणि दरड कोसळून होणारी झीज या दोन्ही क्रिया गणितात आणल्या. आमच्या मते या कलेचा खरा जन्म तेथे झाला. तिच्यात काळ आला.

येथवर केवळ स्तुतीच करावी असे आहे. कल्पित भूमी निर्मावयाची असेल तर ही साधने अप्रतिम आहेत, आणि चित्रपटांतील परग्रहांवर कोणी हरकत घेण्याचे कारण नाही. हरकत सुरू होते ती खऱ्या भूमीचा नकाशा आत घेतल्यावर. अमेरिकेच्या एंडेव्हर यानाने फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतांश जमिनीची उंची मोजली. सुमारे ३० मीटरांच्या चौकोनांत ती आज कोणासही उपलब्ध आहे. आमच्या स्नेह्यांनी त्यातून कळसूबाईच्या परिसराचा तुकडा घेतला.

प्रथम त्यांच्याकडून एक चूक झाली. त्यांनी तो नकाशा २५६ छटांच्या चित्रात साठवला. कळसूबाई १६४६ मीटर उंच. ती उंची २५६ छटांत वाटली तर प्रत्येक छटेस सहा मीटरांहून अधिक येतात. परिणामी सगळ्या उतारांवर खोट्या पायऱ्या पडल्या. (६५,५३६ छटांच्या चित्रात हा दोष राहत नाही, हे त्यांस मागाहून कळले.) त्यांनी उतार गुळगुळीत करणारे साधन फिरवले, आणि पायऱ्या गेल्या. पण दख्खनचा पाषाणच पायऱ्यांचा आहे! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले. कठीण थराचे कडे राहिले, मऊ थराचे उतार झाले. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकास ‘ट्रॅप’ म्हणतात तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. साधनाने संगणकाची पायरी आणि सह्याद्रीची पायरी सारखीच मानून दोन्ही पुसल्या. उरले ते आल्प्सचे एखादे दूरचे नातलग. त्यावर झिजेची क्रिया लावली तेव्हा तर हद्दच झाली. जी भूमी कोट्यवधी पावसाळे झेलून आलेली, तिला आणखी एकदा झिजवण्याचे प्रयोजन काय? खरे ओहोळ आणि यंत्राने पाडलेले ओहोळ शेजारी शेजारी वाहू लागले, आणि चित्र पूर्वीपेक्षा अधिक ‘खरे’ दिसू लागले. आमचा आक्षेप नेमका या अधिक खरे दिसण्यावर आहे.

कोकणकड्याचे दुःख निराळे. हरिश्चंद्रगडाचा तो कडा आत वळलेला आहे. एका ठिकाणी उभ्याने पाहिले तर वर दगड, मध्ये पोकळी, खाली पुन्हा दगड. उंचीच्या नकाशात एका ठिपक्यास एकच उंची. तेव्हा तेथे पोकळी असूच शकत नाही. संपादक कितीही कुशल असो, त्या लिपीत ते अक्षरच नाही.

परंतु चित्राच्या सौंदर्यापाशी ही गोष्ट थांबती तर आम्ही लेखणी हाती घेतली नसती. हीच साधने पाण्याचा मार्ग काढण्यासाठी, पूर कोठवर येईल हे पाहण्यासाठीही वापरली जातात. त्या कामी ‘खळगे भरणे’ नावाची एक नित्याची क्रिया आहे. नकाशातील ज्या खोलगट जागेतून पाण्यास बाहेर वाट नाही ती चुकीची समजून काठोकाठ भरून टाकावयाची, म्हणजे हिशेबातील प्रवाह अडत नाही. बहुतेक लहान खळगे मोजणीच्या दोषाने पडलेले असतात, म्हणून ही क्रिया अन्याय्य नाही. पण ती लोणारला लावावी. उल्कापाताने बेसाल्टमध्ये पडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, शंभर मीटरांहून अधिक खोल असे हे विवर. त्यातून पाण्यास बाहेर वाट नाही. म्हणून साधन त्यास मोजणीचा दोष ठरवते आणि काठाच्या सर्वांत खालच्या जागेपर्यंत बुजवून टाकते. डिचोली आणि सांगे भागांतील लोहखनिजाच्या खाणींचेही तसेच. माणसाने खणलेला खड्डा एका क्रियेत सपाट होतो. शेजारी टाकलेल्या मातीचे ढीग मात्र टेकड्या म्हणून सुखाने राहतात, कारण ढीग पाण्यास अडवीत नाहीत. गोव्याच्या खाणी २०१२ साली थांबवण्यात आल्या, तेव्हा त्या भूमीचे काय झाले होते हे पाहू इच्छिणाऱ्यास असा भरलेला नकाशा मिळाला तर त्याने काय समजावे?

येथे पोथीचा दृष्टांत पुन्हा उपयोगी पडतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिचे मोल केवळ वरच्या संहितेत नाही. नाकारलेले प्रत्येक पाठांतर खाली तळटीपेत ठेवले, म्हणून संपादकांशी आजही भांडता येते. नवल असे की भूमीच्या मूळ संपादकांनी हा धर्म पाळलेला आहे. एंडेव्हरच्या मोजणीत तीव्र उतारांच्या रडार-छायेत रिकाम्या जागा राहिल्या होत्या. त्या अन्य स्रोतांतून भरल्या, आणि प्रत्येक ठिपक्याची उंची कोठून आली हे सांगणारी स्वतंत्र फाईल पुढे सोबत दिली. २०११ ते २०१५ या काळातील मोजणीवर आधारलेल्या युरोपच्या कोपर्निकस नकाशातही तळी सपाट केली, नद्यांचे पात्र सावरले, पण कोठे हात लावला हे दाखवणारा पट्टही दिला. ही तळटीप फेकून दिली जाते ती पुढच्या हाती, आपल्यासारख्यांच्या हाती. ब्रश उचलला की प्रथम तीच बाजूला पडते.

आमच्या स्नेह्यांनी शेवटी चोर्ला घाटापासून मांडवीच्या मुखापर्यंतचा तुकडा घेतला. वरचे सडे, मधल्या दऱ्या उत्तम उतरल्या. खाली खाजन आले आणि सारे फिसकटले. खाजनाची शेते भरतीच्या पाण्याहून खाली; बांध आणि बांधातील मानस यांच्या आधाराने ती जगतात. बांध रुंदीला थोडेच मीटर. ३० मीटरांच्या चौकोनात तो विरघळून जातो, शिवाय त्या मोजणीत उंची पूर्ण मीटरांतच लिहिलेली. स्नेह्यांनी भरती चढवून पाहिली, तर शेते आणि कडेची घरे सर्व पाण्याखाली. ज्या बांधाने पिढ्यान्‌पिढ्या समुद्र थोपवला तो नकाशात नव्हताच. असा नकाशा कोणा अधिकाऱ्याच्या टेबलावर गेला तर ती शेती बुडीतच धरली जाईल, आणि बुडीत धरलेल्या शेताचा बांध कोण दुरुस्त करील?

तेव्हा त्यांनी बांधाची रेघ हाताने आखली आणि ती दोन मीटर उचलली. ते योग्यच होते; आम्हीच त्यांस तसे सुचवले होते. पाणी थांबले. मग आम्ही विचारले, ही रेघ आपण आखली असे कोठे लिहून ठेवाल? त्यांनी फाईल ‘अंतिम’ या नावाने साठवली, क्षणभर थांबले, आणि दुसरी एक कोरी फाईल उघडून तीत पहिली ओळ लिहू लागले.