अत्थपद : शब्द, समाधान आणि आचरण — सहस्सवग्गातील तीन कथांचे परीक्षण

धम्मपदाच्या २६ वग्गांपैकी सहस्सवग्ग हा आठवा वग्ग होय. त्यातील १६ गाथांपैकी पहिल्या तीन गाथा एकाच विचाराभोवती गुंफलेल्या आहेत. अर्थहीन शब्दांची विपुलता एका बाजूस आणि अर्थयुक्त अशा एकाच पदाचे सामर्थ्य दुसऱ्या बाजूस ठेवून त्यांत तुलना केलेली आहे. वर्षावासातील प्रवचनांतून या गाथांचे निरूपण वारंवार होते. परंतु ते बहुधा मूळ पदांच्या आधारे होत नाही, तर अट्ठकथेने त्यांना जोडलेल्या कथांच्या आधारे होते. या कथा गाथांना कितपत न्याय देतात, हे तपासण्याचा आमचा हेतू आहे. तीन कथांपैकी एक कथा, सावधपणे सांगितली नाही तर, गाथेच्या आशयाविरुद्ध जाते असे आमचे मत आहे.

प्रथम ‘अत्थ’ या शब्दाचा विचार केला पाहिजे. पालीतील ‘अत्थ’ म्हणजे शब्दाचा अर्थ. पण त्याचबरोबर हित, प्रयोजन आणि साध्य असेही त्याचे अर्थ होतात. मराठीनेही हा वारसा जपलेला आहे. आपण ‘शब्दाचा अर्थ’ म्हणतो आणि ‘जन्माचे सार्थक’ही म्हणतो. ‘अनर्थ’ म्हटले की आपल्याला अर्थाचा अभाव आठवत नाही, संकट आठवते. म्हणून पहिल्या गाथेतील ‘अनत्थपदसंहिता’ या विशेषणाचा ‘निरर्थक’ असा एकेरी अनुवाद केला की निम्मा आशय हरवतो. व्याकरणदृष्ट्या निर्दोष आणि ऐकण्यास गोड असे वचनही, ते ऐकणाऱ्याचे हित साधत नसेल, तर या गाथेच्या दृष्टीने ‘अनत्थ’ ठरते. ‘अत्थपद’ हा त्यामुळे शब्दसौंदर्याचा निकष उरत नाही. तो परिणामाचा निकष होतो.

तो परिणाम कोणता, हे गाथेतच सांगितले आहे : ‘उपसम’. येथेच निरूपणाची वाट चुकण्याचा संभव अधिक. उपसम म्हणजे राग, द्वेष आणि मोह यांचे शमन. मनाला वाटणारा तात्पुरता दिलासा म्हणजे उपसम नव्हे. दिलासा मिळालेला मनुष्य पूर्वीसारखाच वागू शकतो. ज्याचे क्लेश शमले तो पूर्वीसारखा वागू शकत नाही. हा भेद ध्यानात ठेवून आपण पहिल्या कथेकडे वळू.

तम्बदाठिक नावाचा चोरघातक ५५ वर्षे वधिकाचे काम करतो. म्हातारपणी त्या कामावरून दूर झाल्यावर तो दुधात शिजवलेली पेज घेऊन बसतो, तोच सारिपुत्त थेर दारी येतात. तो ती पेज थेरांना अर्पण करतो. थेर उपदेश करू लागतात. पण आयुष्यभराची हिंसा आठवून त्याचे चित्त स्थिर होत नाही. तेव्हा थेर विचारतात की हे सारे तू स्वेच्छेने केलेस की कोणी करविले? राजाने करविले, असे तो सांगतो. मग यात तुझे पाप ते कोणते, असा थेरांचा प्रतिप्रश्न येतो. त्याचे मन हलके होते, तो उपदेश ऐकतो, सोतापत्तीच्या अलीकडील अनुलोमिक खन्तीपर्यंत पोहोचतो आणि त्याच दिवशी गायीच्या धडकेने मरण पावून तुसित देवलोकी जन्मतो. इतक्या थोड्या उपदेशाने हे कसे घडले, या भिक्खूंच्या शंकेवर भगवंतांनी ही गाथा उच्चारली, असे अट्ठकथा सांगते.

या कथेवर आमचा पहिला आक्षेप कथेतूनच निघतो. तम्बदाठिक वधिक कसा झाला, हे अट्ठकथेनेच आरंभी सांगितले आहे. चोरांची टोळी पकडली गेल्यावर, जो आपल्या साथीदारांचा वध करील त्याला जीवदान मिळेल, असे जाहीर होते. टोळीचा नायक नकार देतो. इतर चोरही नकार देतात. एकटा तम्बदाठिक होकार देतो. नकार देणे शक्य होते आणि चोरांनीही तो दिला, हे ज्या कथेत नोंदलेले आहे, त्याच कथेत ‘राजाने करविले’ हे उत्तर पुरेसे कसे मानावे?

दुसरा आक्षेप मज्झिमनिकायाच्या आधाराने घ्यावा लागतो. धनञ्जानिसुत्तात (क्र. ९७) हेच सारिपुत्त थेर धनञ्जानि ब्राह्मणाला भेटतात. हा ब्राह्मण राजाच्या आश्रयाने गृहस्थांना लुबाडतो आणि गृहस्थांच्या आश्रयाने राजाला. आईवडील, बायकामुले, नोकरचाकर, आप्तेष्ट आणि राजा या सर्वांप्रत कर्तव्ये पार पाडायची आहेत, अशी सबब तो पुढे करतो. थेर एकेक सबब उचलतात आणि विचारतात, की यांच्यासाठी अधर्म केला असे म्हटल्याने त्या अधर्माचे फळ टळेल काय? या यादीत राजाही आहे. प्रत्येक वेळी धनञ्जानिला ‘नाही’ असेच उत्तर द्यावे लागते. पुढे थेर त्याला दाखवून देतात, की ही सारी कर्तव्ये पार पाडता येतील असे धर्म्य व्यवसायही जगात आहेत. म्हणजे सुत्तातील सारिपुत्त सबब काढून घेतात व हातात दुसरा मार्ग देतात. अट्ठकथेतील सारिपुत्त सबब हातात देतात.

तिसरा आक्षेप शब्दाच्या कसोटीचा. मज्झिमनिकायातील अभयराजकुमारसुत्तात (क्र. ५८) तथागताने कोणते वचन उच्चारावे याचे विवेचन आहे. वचन सत्य आहे काय, ‘अत्थसंहित’ आहे काय आणि ऐकणाऱ्यास प्रिय आहे काय, अशा तीन बाजूंनी तेथे विचार होतो. यांपैकी प्रियता निर्णायक नाही. सत्य आणि हित निर्णायक आहेत, आणि तसे वचनही योग्य काळ पाहूनच उच्चारायचे असते. तान्ह्या मुलाच्या घशात काडी अडकली तर रक्त आले तरी ती काढावी लागते, आणि ती कृती करुणेचीच असते, असा तेथील दृष्टान्त आहे. सहस्सवग्गातील ‘अनत्थपदसंहिता’ आणि या सुत्तातील ‘अत्थसंहित’ ही पदे एकाच घडणीची आहेत. एकाचा अर्थ दुसऱ्याच्या प्रकाशात लावणे हेच आम्हांस शास्त्रशुद्ध वाटते. त्या प्रकाशात पाहता चोरघातकाला विचारलेला प्रश्न प्रिय आहे. सत्याच्या कसोटीला तो उतरत नाही.

अट्ठकथेच्या बाजूने जे म्हणता येईल तेही म्हटले पाहिजे. थेरांचा प्रश्न हा उपाय आहे, हे तिने लपविलेले नाही. चित्त इतके विखुरलेले असताना उपदेश आत शिरणार नाही, म्हणून प्रथम चित्त सावरावे, ही उपदेशकाची दृष्टी समजण्यासारखी आहे. शिवाय आपणास पाप नाही हे त्या मनुष्याला वाटले, इतकेच कथा सांगते; ते खरोखर नव्हते असा सिद्धान्त ती मांडत नाही. शेवटी जे कामी आले ते नंतरचे धम्मश्रवण होय. हे सर्व मान्य करूनही अडचण उरते. श्रोत्याच्या स्मरणात धम्मश्रवण राहत नाही. राहतो तो सोयीचा प्रश्न. ‘वरून आदेश होता’ म्हणून अन्याय्य कागदावर सही करणारा आजचा श्रोता ही कथा ऐकून निर्धास्त घरी जाईल. अंगुलिमालाची हकीकत (मज्झिमनिकाय, क्र. ८६) याच्या शेजारी ठेवून पाहावी. त्याला मिळालेला उपदेश ‘थांब’ एवढाच होता आणि तो थांबला. पुढे भिक्खू झाल्यावरही लोकांचे दगड त्याने सोसले आणि भगवंतांनी ते सोसण्यासच सांगितले. तेथे शब्दाने कर्म पुसले नाही. कर्म करणारा बदलला.

दुसऱ्या गाथेची कथा मात्र गाथेला पूर्ण शोभते. बाहिय दारुचीरिय हा सुप्पारकचा, म्हणजे आजच्या सोपाऱ्याचा. वसईजवळच्या या प्राचीन बंदरात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली स्तूपाचे उत्खनन केले. अशोकाच्या शिलालेखांचे अवशेषही या परिसरात सापडले आहेत. उदानानुसार लोकांचा मानसन्मान मिळालेला बाहिय स्वतःस अर्हत समजू लागतो. तू अर्हत नाहीस आणि त्या मार्गावरही नाहीस, हे एका हितचिंतक देवतेने सांगताच तो तत्काळ सावत्थीस निघतो. भिक्षाटनाला निघालेले भगवान दोनदा नकार देऊन तिसऱ्या विनंतीनंतर मोजक्या शब्दांत उपदेश करतात आणि तेवढ्याने त्याचे चित्त विमुक्त होते. त्याच्या मृत्यूनंतर भगवान त्याचे मोठेपण सांगतात ते हे, की तो धम्माला अनुसरून वागला आणि धम्माच्या नावाने त्याने व्यर्थ त्रास दिला नाही. येथे दोन वचने अत्थपदे ठरली, आणि त्यांतले पहिले अत्यंत अप्रिय होते हे विसरता कामा नये.

तिसरी कथा कुण्डलकेसीची. हजार वाद शिकून, जांभळाची फांदी रोवून वादाचे आव्हान देत फिरणारी ही परिव्राजिका सारिपुत्तांच्या ‘एक म्हणजे काय?’ या प्रश्नावर निरुत्तर होते. तिचे श्रेष्ठत्व उत्तरात नाही. उत्तर येत नाही हे कळताच तिने वाद सोडला आणि प्रव्रज्या घेतली, यात आहे.

या परीक्षणाला आमच्या दृष्टीने तातडीचे महत्त्व आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धवचन ओळखण्याच्या कसोट्या दिल्या. त्यांत विवेकसंगती आणि मानवी कल्याण यांना स्थान आहे. ही दुसरी कसोटी म्हणजे आधुनिक भाषेतील ‘अत्थ’च होय. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी बहुतेक प्रतिज्ञांचा शेवट उच्चारणाऱ्याला बांधून घेणाऱ्या क्रियापदाने होतो. पंचशीलातील ‘समादियामि’ हेही तसेच क्रियापद आहे. शीलांना ‘सिक्खापद’ म्हणतात, आणि ‘पद’ या शब्दाचा अर्थ वचन असा आहे तसाच पाऊल असाही आहे. विहारात म्हटलेले पद विहाराच्या पायरीवरून उतरताना पाऊल झाले, तरच ते अत्थपद.

म्हणून प्रवचनकारांना आमची विनंती अशी : चोरघातकाची कथा अवश्य सांगावी, परंतु त्याच बैठकीत धनञ्जानिसुत्तही सांगावे. तेच थेर, तीच राजाची सबब आणि दोन भिन्न उत्तरे एकत्र ऐकल्यावर कोणते उत्तर आपल्या हिताचे, याचा निर्णय श्रोत्यांवर सोपवण्यास हरकत नाही.