वाजले खूप, लिहिले कोणी?

सिंथेसायझरचे सुटे भाग विकून 'घरीच जोडा' म्हणणाऱ्या 'पाया' या अमेरिकी कंपनीने 1975 मध्ये ओक्लाहोमातून 'पॉलिफनी' नावाचे छोटे नियतकालिक सुरू केले. त्यात सर्किटच्या आकृत्या असत, अमुक आवाज कसा काढायचा याच्या युक्त्या असत. पाठोपाठ 1976 मध्ये 'सिनॅप्स' आले आणि 1979 मध्ये बंदही पडले. 'पॉलिफनी' 1985 मध्ये 'इलेक्ट्रॉनिक म्युझिशियन' झाले. दोघांचा वाचक मूठभर. तरी जुन्या यंत्रांचा इतिहास शोधणारे आजही त्यांचे अंक धुंडाळतात, कारण वाजवणाऱ्यांनी काय केले ते तिथे त्याच वेळी छापले गेले.

मराठीत शास्त्रीय संगीताला 1947 पासून 'संगीत कला विहार' आहे. विजेवर वाजणाऱ्या वाद्यांना असे हक्काचे पान मिळाले नाही. वाजवणारे मात्र भरपूर. लग्नसराईत जळगाव-धुळ्याकडच्या कोणत्याही गावात बॅण्डची गाडी बघा. बँजोशेजारी कीबोर्ड, त्याला लागून ऑक्टापॅड. कीबोर्ड कोणत्याही कंपनीचा असो, लोक त्याला कॅसिओच म्हणतात.

या कलेची आजची अवस्था दुहेरी आहे. कीबोर्डच्या पट्ट्या बारा सुरांत बांधलेल्या. फुंकून वाजणाऱ्या पावरीची किंवा सनईची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, त्यांत बसत नाही. चांगला वादक ती डाव्या हाताच्या पिचबेंड चाकावर काढतो. उजवा हात सूर धरतो, डावा तो वाकवतो. हे कौशल्य कारखान्याने दिलेले नाही. ते वरातीत, एकाचे बघून दुसऱ्याने कमावले आहे.

दुसरी बाजू तितकीच खरी. तयार ठेके आणि तयार टोन आले तसा आळसही आला. अहिराणी लग्नगीत हळद, तेलन, विदाई अशा प्रसंगानुसार चाल बदलते, बायकांच्या गळ्यात रेंगाळते. ते यंत्राच्या ठरीव ठेक्यावर आणि कॉर्डवर बसवले की सगळे प्रसंग एकाच वेगाने धावू लागतात. आज मोबाइलवर गाजणारी बरीच खान्देशी गाणी याच साच्यातली आहेत. शब्द अहिराणी, पण वाजते ते कुठलेही. डीजेने तर बऱ्याच ठिकाणी वादकाची जागाच घेतली.

हे बोलायला पुरावा लागतो आणि तिथेच आपण उघडे पडतो. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये तीन रोलँड यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. तेव्हा निघालेल्या त्या तबकडीकडे फारसे कोणी पाहिले नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर चर्चा झाली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये मूग सिंथेसायझर आला. त्यावरच्या ध्वनिफिती संग्रहात राहिल्या, म्हणून 2023 मध्ये त्यांचा अल्बम निघू शकला. दोन्हीकडे कौतुक उशिरा झाले, पण झाले, कारण वस्तू शिल्लक होती. खान्देशातल्या बॅण्डवाल्याची अशी तबकडी नाही. त्याचे जुने यंत्र बिघडले की सुटे भाग मिळत नाहीत, ते भंगारात जाते आणि त्यात साठवलेले टोनही त्याबरोबर जातात.

खरे तर जपणुकीची परंपरा धुळ्याला नवी नाही. राजवाडे संशोधन मंडळाने दप्तरे सांभाळली, समर्थ वाग्देवता मंदिराने हस्तलिखिते सांभाळली. लग्नात वाजणारे वाद्य मात्र संशोधनाचा विषय वाटले नाही. जळगावच्या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाईंचे नाव आहे. लोकांच्या तोंडचे कागदावर आले म्हणून टिकले, हे त्या नावाइतके कोण सांगणार?

विद्यापीठाने वर्षाला एक अंक काढला तरी पुरे. त्यात वादकांच्या मुलाखती, यंत्रांची मॉडेले, दुरुस्तीच्या युक्त्या आणि सोबत ध्वनिमुद्रण असावे. तोवर वाचकांनी एवढे करावे: घरच्या पुढच्या लग्नात बॅण्डच्या वादकाला त्याच्या वाद्याचे मॉडेल आणि त्याच्या गुरूचे नाव विचारावे, आणि ते लिहून ठेवावे.